पाकिटावरची कर्बोदकं आणि फायबर: वजाबाकीच्या आधी एक बेरीज

गव्हाच्या पिठाची दोन पाकिटं शेजारी ठेवा. एकावर १०० ग्रॅममागे कर्बोदकं ७४ ग्रॅम लिहिली आहेत, दुसऱ्यावर ६४. फायबर, म्हणजे न पचणारा चोथा, दोन्हींवर ११ च्या आसपास. गहू तोच, दळणही जवळपास तसंच. मग दहा ग्रॅम गेले कुठे? पहिल्या कंपनीने फायबर कर्बोदकांच्या आत धरलं आहे आणि दुसरीने ते बाहेर काढून वेगळं लिहिलं आहे, एवढाच फरक. पण मधुमेहामुळे कार्ब मोजून खाणारा माणूस दोन्ही पाकिटांना ‘कर्बोदकं वजा फायबर’ हे एकच सूत्र लावतो. पहिल्यावर त्याला ६३ हे बरोबर उत्तर मिळतं. दुसऱ्यावर तो ५३ काढतो, आणि तिथे तो फसतो, कारण फायबर आधीच वजा झालेलं होतं.

म्हणून लेबल वाचताना पहिला प्रश्न एकच: फायबर आत आहे की बाहेर?

आकडा येतो कुठून

पाकिटावरची कर्बोदकं बहुतेक वेळा थेट मोजलेली नसतात, ती उरलेली असतात. प्रयोगशाळेत पदार्थ वाळवून पाणी मोजतात, नायट्रोजनवरून प्रथिनं काढतात, द्रावकाने स्निग्धांश वेगळा करतात आणि भट्टीत जाळून राख, म्हणजे खनिजं, तोलतात. या चारांची बेरीज १०० मधून वजा केली की जे उरतं ते ‘टोटल कार्बोहायड्रेट’. त्यात स्टार्च, साखर, फायबर, साखरेऐवजी घातलेले पॉलिऑल, थोडी सेंद्रिय आम्लं असं सगळं येतं. वरच्या चार मोजमापांत झालेल्या चुकाही याच ओळीत येऊन पडतात.

दुसऱ्या पद्धतीत फायबर वेगळं मोजून तेही वजा करतात. मग फक्त पचणारी कर्बोदकं उरतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे (एनआयएन) २०१७ चे भारतीय अन्नघटकांचे तक्ते याच पद्धतीचे आहेत. त्यातली ज्वारी बघा: पाणी ९.०१, प्रथिनं ९.९७, राख १.३९, स्निग्धांश १.७३, फायबर १०.२२, कर्बोदकं ६७.६८. बेरीज बरोबर १००. हीच ज्वारी पहिल्या पद्धतीने लिहिली तर कर्बोदकं ७७.९० होतील. दोन्ही आकडे खरे, पण त्यांची भाषा वेगळी.

भारतातल्या लेबलवर काय असतं आणि काय नसतं

एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा नियामक संस्थेच्या लेबलिंग अँड डिस्प्ले नियमांनुसार (२०२०) पोषणाच्या तक्त्यात ऊर्जा, प्रथिनं, कर्बोदकं, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्धांश, संतृप्त व ट्रान्स फॅट, कोलेस्टेरॉल आणि सोडियम या ओळी असतात. फायबर या ठरलेल्या यादीत नाही. कंपनीने फायबरचा दावा केला किंवा आपणहून छापायचं ठरवलं, तर ती ओळ दिसते. त्यामुळे फायबरची ओळ नाही म्हणजे पदार्थात फायबर नाही, असं समजू नका.

रोजच्या गरजेच्या टक्क्यांचा रकानाही इथे उपयोगी पडत नाही. त्यामागे २००० किलोकॅलरी, ६७ ग्रॅम स्निग्धांश, २२ ग्रॅम संतृप्त फॅट, २ ग्रॅम ट्रान्स फॅट, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम एवढेच आकडे धरलेले आहेत. एकूण कर्बोदकं किंवा फायबर त्यात येत नाहीत. पुढची सगळी आकडेमोड १०० ग्रॅमच्या रकान्यावरच करा. एका वेळच्या खाण्याच्या, म्हणजे सर्व्हिंगच्या रकान्यातले आकडे अनेकदा पूर्णांकात आणलेले असतात आणि तपासणीला फार ढोबळ पडतात.

बेरजेची कसोटी

कागदावर तीन आकडे घ्या: प्रथिनं, स्निग्धांश, कर्बोदकं. बेरीज करा. १०० पर्यंत जे उरेल ते पाणी आणि राख यांना पुरतं का, ते बघा. पुरून वर फायबरएवढी जागा मोकळी राहत नसेल, तर फायबर कर्बोदकांच्या आत आहे. फायबरएवढी जागा जास्तीची उरत असेल, तर ते बाहेर आहे.

पहिल्या पाकिटावर समजा प्रथिनं १२, स्निग्धांश १.८, कर्बोदकं ७४, फायबर ११. तिघांची बेरीज ८७.८, उरले १२.२. गव्हाच्या पिठात पाणी साधारण ११ आणि राख सव्वाच्या आसपास असते, म्हणजे हिशोब जुळला. फायबर वेगळं मिळवलं तर बेरीज ९८.८ होते आणि पाण्याला व राखेला मिळून फक्त १.२ ग्रॅम उरतात. इतकं कोरडं पीठ नसतं. फायबर आत आहे, वजा करा: ७४ वजा ११, उत्तर ६३.

दुसऱ्यावर प्रथिनं ११, स्निग्धांश १.६, कर्बोदकं ६४, फायबर ११.५. तिघांची बेरीज ७६.६, उरले २३.४. इतकं पाणी पिठात असतं तर त्याला बुरशी आली असती. नियमाने आट्यात ओलावा १४ टक्क्यांच्या वर चालतच नाही. फायबर मिळवलं की बेरीज ८८.१ होते आणि उरतात ११.९. आता जुळलं. फायबर बाहेर आहे, काहीही वजा करायचं नाही. पचणारी कर्बोदकं ६४.

या कसोटीसाठी पदार्थात पाणी किती असतं याचा अंदाज हवा. पिठं, रवा, ओट्स यांत साधारण ९ ते १३ टक्के, बिस्किटं, खाकरे, टोस्ट यांत फार तर ५, राख बहुतेकांत १ ते २.५. खारवलेल्या पदार्थांत मिठामुळे राख वाढते, ती धरायला विसरू नका. इसबगोल तर बघताक्षणी कळतं. फायबर ८० च्या वर आणि कर्बोदकंही ८० च्या वर लिहिली असतील तर बेरीज १०० च्या पलीकडे जाते, म्हणजे फायबर आत असल्याशिवाय तो आकडा शक्यच नाही.

मैदा, पांढरा तांदूळ, साबुदाणा यांच्यासाठी ही कसरत करण्यात अर्थ नाही. एनआयएनच्या तक्त्यात मैद्यात फायबर २.७६ आणि तांदळात २.८१ ग्रॅम आहे. आत असो वा बाहेर, फरक तीन ग्रॅमच्या आतला.

ओल्या पदार्थांना ऊर्जेची कसोटी

ब्रेड, पाव, तयार पराठे यांत पाणी कमीजास्त असतं, म्हणून बेरीज बोलत नाही. तिथे किलोकॅलरी तपासायच्या. प्रथिनं आणि कर्बोदकं ग्रॅमला ४, स्निग्धांश ९, फायबर वेगळं धरलं असेल तर साधारण २.

एका ब्रेडवर प्रथिनं ९, स्निग्धांश २.५, कर्बोदकं ४९, फायबर ६ आहे असं धरा. प्रथिनांचे ३६ आणि स्निग्धांशाचे २२.५ मिळून ५८.५. कर्बोदकांचे १९६. दोन्ही मिळून २५४.५. आता लेबलवरची ऊर्जा बघा. ती २६७ च्या जवळ असेल तर फायबरचे १२ वर मिळवलेले आहेत, म्हणजे फायबर बाहेर. ती २४३ च्या जवळ असेल तर कर्बोदकांतून ६ ग्रॅम फायबर काढून त्याला २ चा दर लावला आहे, म्हणजे फायबर आत. दोन-तीन किलोकॅलरीचा फरक पूर्णांकामुळे पडतो, तो सोडून द्या.

अडचण येते ती ऊर्जा नेमकी २५५ असली की. फायबर आत धरून त्यालाही ४ चा दर लावला तरी हाच आकडा येतो, आणि फायबर बाहेर ठेवून त्याची ऊर्जा शून्य धरली तरी हाच. या कसोटीने तिथे निकाल लागत नाही. मग पाकिटावर ग्राहक तक्रारीसाठी दिलेल्या ईमेलवर दोन प्रश्न विचारा: कर्बोदकांच्या आकड्यात डाएटरी फायबर धरलं आहे का, आणि फायबर कोणत्या पद्धतीने मोजलं? दुसरा प्रश्न टाळू नका, त्याचं कारण पुढे येतं. फायबर ४-५ ग्रॅमच्या खाली असेल तर ही कसोटी लावूच नका, फरक पूर्णांकात बुडून जातो. पॉलिऑल असलेल्या पदार्थांवरही ती चालत नाही, कारण त्यांचा दर ४ नसतो.

ज्वारीत फायबर १.६? हा आकडा जुना आहे

बेरीज जुळूनही फसवणारी एक जागा आहे, आणि आपल्याकडच्या धान्यांत ती सर्रास भेटते. एनआयएनच्या जुन्या तक्त्यांत ज्वारीची कर्बोदकं ७२.६ आणि फायबर १.६ आहे. बाजरीचं फायबर १.२. नव्या तक्त्यात ज्वारी १०.२२ आणि बाजरी ११.४९. धान्य बदललेलं नाही. जुनं मोजमाप ‘क्रूड फायबर’चं होतं: पीठ आधी सौम्य आम्लात आणि मग अल्कलीत उकळायचं, जे टिकेल ते तोलायचं. त्यात सेल्युलोज आणि लिग्निन हे फायबरचे प्रकार काही प्रमाणात टिकतात, पण हेमिसेल्युलोज या आणखी एका प्रकाराचा मोठा भाग आणि विरघळणारं फायबर जवळजवळ सगळंच निघून जातं. आपलं पोट काही आम्ल-अल्कलीचं पातेलं नाही, तिथे हे सगळं न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतं.

जुन्या तक्त्यात कर्बोदकंही वजाबाकीनेच काढलेली होती, पण वजा झालं ते फक्त क्रूड फायबर. म्हणजे ७२.६ च्या आत आठ-नऊ ग्रॅम न पचणारं फायबर गुपचूप बसलेलं आहे. असे आकडे आजही काही छोट्या पाकिटांवर, ॲपमध्ये आणि आहाराच्या छापील कागदांवर उतरवलेले सापडतात. ओळखायची खूण सोपी आहे. सालीसकट दळलेल्या ज्वारी, बाजरी, नाचणी किंवा गव्हाच्या पिठावर फायबर १ ते ४ ग्रॅम दिसलं की ते क्रूड फायबर समजा आणि दोन्ही ओळी सोडून द्या. त्याऐवजी १०० ग्रॅम कोरड्या पिठासाठी हे आकडे वापरा, पचणारी कर्बोदकं आणि फायबर या क्रमाने: ज्वारी ६७.६८ आणि १०.२२, बाजरी ६१.७८ आणि ११.४९, नाचणी ६६.८२ आणि ११.१८, गव्हाचा आटा ६४.१७ आणि ११.३६.

लेबलवर फायबरची ओळच नसेल तेव्हाही हेच आकडे कामाला येतात. पिठाच्या तीन ओळींची बेरीज ८७ च्या आसपास आली तर फायबर आत आहे. तक्त्यातलं फायबर घेऊन ते वजा करा.

वरून घातलेलं फायबर

आजची नेहमीची मोजणी अशी असते: नमुन्यावर आधी स्टार्च आणि प्रथिनं फोडणारी एन्झाइम सोडतात, मग चौपट अल्कोहोल घालून जे खाली बसतं ते गाळून, वाळवून तोलतात आणि त्यातून उरलेली प्रथिनं व राख वजा करतात. धान्य-कडधान्यांसाठी हे पुरेसं आहे. पण चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन, फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड, पॉलिडेक्स्ट्रोज अशी लहान साखळीची फायबर अल्कोहोलमध्ये विरघळलेलीच राहतात आणि गाळणीतून निसटतात. त्यांना पकडणाऱ्या नव्या पद्धती आहेत, एओएसी या प्रमाणित चाचणी-पद्धती ठरवणाऱ्या संस्थेची २००९.०१ ही त्यातली एक. म्हणून एकाच बिस्किटाचं फायबर एका प्रयोगशाळेत ५ आणि दुसरीत ९ येऊ शकतं. कंपनीला मोजणीची पद्धत विचारायची ती यासाठी.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. मैदा पहिला आणि कोंडा सहावा असेल तर फायबर कुठून येणार ते तुम्हीच ठरवा. माल्टोडेक्स्ट्रिन हे नाव फायबरसारखं वाटलं तरी ते पचणारं असतं. फायबर असतं ते ‘रेझिस्टंट’ माल्टोडेक्स्ट्रिन. प्रोटीन बारमध्ये आयसोमाल्टो-ऑलिगोसॅकराइड, थोडक्यात आयएमओ, बरंच दिसतं. त्याचा बराच भाग लहान आतड्यात पचतो आणि अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न-औषध नियामक संस्थेने) फायबर म्हणून मान्य केलेल्या घटकांत ते नाही. आयएमओचं फायबर म्हणून छापलेले ग्रॅम वजा न करणंच सुरक्षित.

साखरेच्या ओळी आणि पॉलिऑल

‘एकूण साखर’ ही कर्बोदकांचा भाग आहे आणि ‘वरून घातलेली साखर’ ही एकूण साखरेचा. त्या कर्बोदकांत पुन्हा मिळवायच्या नाहीत, कार्ब मोजताना वजाही करायच्या नाहीत. दुधातला लॅक्टोज आणि फळातली साखर एकूण साखरेत येते. गूळ आणि मधही साखरच. एकूण साखर ४ आणि कर्बोदकं ७० असतील, तर उरलेला बहुतेक स्टार्च असतो आणि त्याचंही पोटात ग्लुकोजच होतं. ‘शुगर फ्री’ या शब्दांचा अर्थ १०० ग्रॅममध्ये साखर जास्तीत जास्त ०.५ ग्रॅम, एवढाच आहे. कर्बोदकांबद्दल तो काहीच सांगत नाही.

शुगर फ्री मिठाई-बिस्किटांत बहुधा माल्टिटोल (आयएनएस ९६५; घटकांच्या यादीत छापला जाणारा हा क्रमांक) किंवा सॉर्बिटोल (आयएनएस ४२०) असतं. ही पॉलिऑल अर्धवट पचतात. कार्ब मोजताना त्यांचे निम्मे ग्रॅम धरायची पद्धत आहे. कर्बोदकं ६२, त्यात फायबर ६ आणि माल्टिटोल १८ असेल तर ६२ वजा ६ वजा ९, म्हणजे ४७. एरिथ्रिटोल (आयएनएस ९६८) ऊर्जा देत नाही, ते पूर्ण वजा करता येतं. पॉलिऑल १० टक्के किंवा जास्त असेल तर पोट सैल होऊ शकतं अशी सूचना पाकिटावर छापावी लागते. ती दिसली आणि तक्त्यात पॉलिऑलची ओळ नसली, तरी १०० ग्रॅममागे किमान १० ग्रॅम आहेत हे कळलं.

‘हाय फायबर’ म्हणजे किती

२०१८ च्या दाव्यांविषयीच्या नियमांप्रमाणे फायबरचा ‘स्रोत’ म्हणायला १०० ग्रॅममध्ये किमान ३ ग्रॅम किंवा १०० किलोकॅलरीमागे १.५ ग्रॅम फायबर लागतं. ‘हाय’ किंवा ‘रिच’ म्हणायला त्याच्या दुप्पट, ६ किंवा ३. काटेकोरपणे ६ ग्रॅमवर बसणाऱ्या बिस्किटाचे २५ ग्रॅम खाल्ले तर फायबर मिळतं दीड ग्रॅम. ६० ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत सहा ग्रॅम असतं, आणि तिच्यावर काही छापलेलं नसतं.

परदेशातून आलेली पाकिटं

मुलगा अमेरिकेहून आणि मावशी लंडनहून खाऊ आणते, तेव्हा देश बघून सूत्र बदला. अमेरिकेत आणि कॅनडात फायबर कर्बोदकांच्या आत असतं. त्याची ओळही खाली थोडी आत सरकवून छापलेली असते. तिथे वजा करायचं. ब्रिटन, युरोपीय संघ आणि ऑस्ट्रेलियात कर्बोदकं म्हणजे पचणारी कर्बोदकं, फायबर स्वतंत्र. तिथे वजा करायचं नाही. तिकडे राहणाऱ्यांनी तर ॲपमधला देशही तपासावा, कारण अमेरिकी ॲप ब्रिटिश पाकिटातूनही फायबर वजा करून टाकू शकतं.

अमेरिकी लेबलवर सगळं सर्व्हिंगमागे असतं आणि फायबर जवळच्या पूर्ण ग्रॅममध्ये. अर्ध्या ग्रॅमच्या आतलं शून्य लिहिता येतं. ०.४ ग्रॅमच्या दहा सर्व्हिंग खाल्ल्या तर ४ ग्रॅम पोटात गेले, कागदावर मात्र शून्य. ‘नेट कार्ब्ज’, म्हणजे फायबर वगैरे वजा करून उरलेली कर्बोदकं, हा आकडा पाकिटाच्या दर्शनी भागावर असला तरी एफडीएच्या नियमांत त्याची व्याख्या नाही, आणि एफएसएसएआयच्या ठरलेल्या तक्त्यातही ती ओळ नाही. मागचा तक्ता बघून स्वतः काढा.

गिरणीचं पीठ आणि ताटातली भाकरी

वरचे सगळे आकडे कोरड्या पिठाचे आहेत. भाकरी तव्यावरून उतरल्यावर तोलली तर तिच्यात पाणी असतं आणि हिशोब फुगतो. म्हणून मळायच्या आधी पीठ तोला, थापायला घेतलेली पिठी त्यातच धरा आणि परातीत उरलेली शेवटी तोलून वजा करा. ३०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या पाच भाकऱ्या झाल्या तर एकीत ६० ग्रॅम पीठ, पचणारी कर्बोदकं ४०.६ आणि फायबर ६.१ ग्रॅम.

पीठ चाळलं की हे आकडे लागू राहत नाहीत. चाळणीत जो कोंडा राहतो त्यातच फायबर असतं. गव्हाचं पीठ बारीक चाळणीने जितकं चाळाल तितकं ते मैद्याच्या २.७६ कडे सरकतं. तक्ता वापरायचा असेल तर कोंडा परत पिठात घाला.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी इथे सर्वांत जास्त जपायचं. वरच्या भाकरीचे ४०.६ हे फायबर काढूनच आलेले आहेत. त्यातून पुन्हा ६.१ वजा केले तर दोन भाकऱ्यांमागे १२ ग्रॅम कर्बोदकं हिशोबातून गळतात. दहा ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट इन्सुलिन असं प्रमाण असेल तर एक युनिटहून जास्त इन्सुलिन कमी पडतं आणि जेवणानंतर साखर चढते. उलट, फायबर आत असलेल्या लेबलवर ते वजा करायचं राहिलं तर डोस जास्त होतो आणि साखर उतरू शकते. डॉक्टरांनी तुमचं प्रमाण ठरवलं तेव्हा कर्बोदकं फायबर धरून मोजली होती की सोडून, हे त्यांना विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मोजण्याची पद्धत बदलायची असेल तर आधी त्यांना सांगा, म्हणजे प्रमाणही त्याप्रमाणे बदलून घेता येईल.